खुणेची पट्टी

उंच उडीत स्वीडनची विजेती ठरलेली मायवोर आमच्या सोडरहाम्न गावचीच. ती जिंकून आली तेव्हा स्टेशनावर बँड वाजला, पण तिची मान काही वर होईना. लोक म्हणाले, "पोर लाजाळू आहे."

खरं कारण वेगळंच होतं. धाव जिथून सुरू करायची, तिथे हे खेळाडू जमिनीवर चिकटपट्टीची खूण करतात. अंतिम फेरीत तिच्याविरुद्ध उतरलेल्या अनेलीची पट्टी नकळत मायवोरच्या बुटाला चिकटून निघाली. अनेलीला ती शोधायला वेळ नव्हता. अनेली अंदाजानेच धावली आणि तिच्या सगळ्या उड्या फसल्या. पदक घ्यायला जाताना मायवोरला बुटाची पट्टी दिसली. तिने ती खरवडून खिशात घातली आणि गुपचूप विजेतीच्या पायरीवर चढली.

पुढे ती पुष्कळदा जिंकली, पण अनेली दिसली की वाट बदलायची. खेळ सोडल्यावर एकदाची ती अनेलीच्या घरी गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

अनेली कॉफी ओतत म्हणाली, "माहीत आहे गं. खरवडताना पाहिलं होतं मी तुला."

"मग पंचांना का नाही सांगितलंस?"

"म्हटलं, ही सांगेलच. सरावाच्या शिबिरात एका खोलीत राहायचो ना आपण?"

मायवोरने कप बाजूला सारला. "पदक तू घे," ती पुटपुटली.

"आता काय करू त्याचं? कॉफी घे, गार होतेय."

त्याच वर्षी गावाने मैदानाला मायवोरचं नाव द्यायचं ठरवलं. भर सभेत उभी राहून तिने हे सगळं सांगितलं. टाळ्या वाजवायला आलेले आम्ही खाली बघत बसलो.