बुडालेल्या गावासाठी नकाशा निवडताना

इतिहासाचं ऑनलाइन प्रदर्शन करायचं, तर सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं? यावर आमच्या कॉलेजच्या समितीने असंख्य बैठका आणि त्याहून जास्त समोसे संपवले. शेवटी समितीचे प्रमुख, आमचे इतिहासाचे सर म्हणाले, "प्रत्यक्ष वापरून बघू." झालं! सर आणि मी निघालो नंदुरबारला.

स्टेशनवरून जीप ठरवा. एसटी स्वस्त पडते, पण सरांचा ट्रायपॉड तिच्यात मावेना. वाटेत प्रकाशा गावात झणझणीत शेवभाजी खाल्ली, नाकाडोळ्यांतून पाणी आलं, पण अहाहा! सर तेवढ्यात देवळाभोवती मोबाईल घेऊन गरगरत होते.

"तो साहेब काय करी ऱ्हायना?" जीपवाल्याने विचारलं.

"देऊळ इंटरनेटवर चढवतायत."

"देऊळ तं आठेच शे ना!" इथेच तर आहे, म्हणे.

सरांचा जीव महागड्या सॉफ्टवेअरवर जडला होता, कारण त्यात नकाशा गोल फिरतो. माझं फुकटातलं. रूप म्हणाल तर रेशनकार्डासारखं.

शहाद्याच्या पुढे धरणग्रस्तांची वसाहत आहे. तिथे गुलाबसिंगदादा भेटले. त्यांचं गाव नर्मदेच्या पाण्याखाली गेलंय. गावदेव होता त्या जागी घरचे सगळे दरवर्षी नावेने जातात आणि पाण्यावर मोहाच्या दारूची धार सोडतात. रेकॉर्डिंगला ते तयार झाले, पण अट एकच.

"गाव होतं तिथंच दाखवा. नातवंडांना वाटतं, आपण इथलेच."

सरांनी नकाशावर खूण ठेवली. सॉफ्टवेअर म्हणालं, कृपया जमिनीवरचं ठिकाण निवडा. सरांनी ती उचलून शेजारच्या डोंगरावर टेकवली!

"सर, ते दुसऱ्यांचं गाव आहे. माझ्या फुकटवाल्यात पाण्यातही खूण बसते."

"पण त्यात नकाशा फिरतो का?"

मी कपाळाला हात लावला. डोंगर तात्पुरता आहे असं समजून गप्प बसले आणि परतीच्या गाडीत झोपले.

घरी आल्यावर महिन्याभरात प्रदर्शन सुरू झालं. हारतुरे, भाषणं, सगळं यथासांग. खूण डोंगरावरच. दादांनी ते सुनेच्या मोबाईलवर पाहिलं आणि मला फोन केला.

"ताई, धरणवाल्यांनी आम्हाला पाण्यात घातलं, तुम्ही डोंगरावर चढवलं. विचारायला कोणीच आलं नाही."

लाजेने मेल्यासारखं झालं. सरांना सांगितलं, तर म्हणाले, "बघणाऱ्यांना काय कळतंय?" मग मी दादांना विचारून त्यांचं रेकॉर्डिंग तिथून काढलं आणि फुकटवाल्यावर ठेवलं. सर अजून बोलत नाहीत माझ्याशी. पान दिसायला अगदी भिकार आहे. निळ्या पाण्याच्या मधोमध एक लाल ठिपका आणि त्याखाली गावाचं नाव.