पदवीधराच्या गाडीचा पंखा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार बब्रुवान दाजींचे आहेत, आणि त्यांच्या लेकीच्या टिळ्यादिवशी त्यांना भर उन्हात देगलूरच्या पुढं अडकवून ठेवलं ते मीच.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आयुष्यभर बिलोली-देगलूर रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवली. मी अकरावी-बारावी देगलूरला केली ती त्यांच्याच जीपमधून, फुकट! (बहुतेक वेळा मागच्या पायरीवर लटकून, पण फुकट.) परीक्षेच्या दिवशी मात्र ते मला पुढं बसवायचे आणि पॅसेंजरला सांगायचे, "सरका, साहेब बसून ऱ्हायले." पुढं मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. तोही इलेक्ट्रिकल इंजिनिअर!

नोकरी लागल्यावर जुनी का होईना, गाडी घेतली आणि ठरवलं, भाचीच्या टिळ्याला दाजींना साहेबासारखं मागच्या सीटवर बसवून उदगीरला न्यायचं. बाकी मंडळी सकाळीच पुढं गेली होती. टिळा मुलीच्या बापानं नवरदेवाला लावायचा, साडेबाराच्या आत. म्हणजे गाडीत मी पाहुणा नेत नव्हतो, सगळा कार्यक्रमच नेत होतो.

"दाजी, आज तुम्ही कशाला हात लावायचा नाही."

"बरं," दाजी म्हणाले आणि कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात अंग चोरून बसले.

देगलूर सोडलं. रस्त्याचं काम चालू होतं. एका टिप्परच्या मागं आम्ही मुंगीच्या चालीनं निघालो.

"दत्ता, एसी कामून गरम हवा सोडून ऱ्हायला?"

"बाहेर ऊन आहे ना दाजी."

"ऊन हाय म्हणूनच तं एसी असतो की!"

पाच मिनिटांनी, "दत्ता, पंख्याचा आवाज येईना बघ."

"नव्या गाड्यांत आवाज येत नसतो दाजी." (गाडी अकरा वर्षांची होती.)

पुढच्या पाच मिनिटांत काटा लाल पट्ट्यात गेला आणि बॉनेटमधून वाफ आली. मी एका बाभळीखाली गाडी थांबवली. सव्वाअकरा वाजले होते. खरं सांगतो, मनातून मी खूश झालो! रेडिएटर थंड करणारा पंखा बंद, आणि पंखा विजेवर चालणारा. चार वर्षं ज्यासाठी घासली, ते दाजींना दाखवायची याहून चांगली संधी कुठली?

"दाजी, बसून राहा. हे इलेक्ट्रिकल आहे."

"मी बघू का?"

"शर्ट मळेल!"

पंख्याचा फ्यूज उडालेला निघाला. जादा एक होता, तो घातला, किल्ली फिरवली. टप्प! तोही गेला. "फ्यूजच खराब निघाला," मी जाहीर केलं. तसलाच हिरवा फ्यूज दारांच्या काचांचा होता. तो काढून घातला. टप्प! आता पंखा नाही, एसी नाही आणि चारही काचा वर चढलेल्या. आत दाजी वाफवायला ठेवलेल्या कणसासारखे दिसायला लागले. शेवटी त्यांनी दार उघडून एक पाय बाहेर ठेवला.

"दत्ता, पंखा हातानं फिरतो का ते..."

"दाजी, पद्धतशीर जाऊ द्या. आधी फ्यूज, मग रिले, मग सेन्सर, मग मोटर!"

रिले म्हणजे पंख्याला वीज सोडणारी काळी डबी. हॉर्नची डबी काढून पंख्याला लावली. काही झालं नाही. मग बॅटरीवरून पंख्याला थेट वायर दिली. एवढी मोठी ठिणगी उडाली, की शेजारी चरणारी म्हैस रस्ता ओलांडून पलीकडं गेली.

तेवढ्यात ताईचा फोन. "कुठं हाव तुम्ही? पाव्हणे इचारून ऱ्हायले, पोरीचा बाप रुसला का म्हणून! माझी इज्जत काढता का दोघं?"

बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. माझा चेहरा पाहून दाजी उतरले. बाह्या दुमडल्या. "किल्ली काढ आधी," म्हणाले. बाभळीची काडी घेऊन पंख्याचं पातं ढकललं. हलेना. मग हात आत घालून त्यांनी एकेक वस्तू बाहेर काढली. लाल फडक्याची लांबलचक चिंधी. काळा दोरा. पिळवटलेलं लिंबू. मिरच्या.

आईला फोन लावला. "आई, गाडीच्या आत लिंबू-मिरची कुणी बांधली?"

"मीच. पुढं बांधू न्हाई, ऑफिसातले हासतेत, असं तूच म्हणलास ना? मग कुणाला दिसू नये म्हणून आत बांधली. कामून? लागली का कुणाची नजर?"

दाजी हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं! त्यांनी फक्त विचारलं, "हिरवा फ्यूज अजून कुठं हाय?"

"मागची काच गरम करायचा एक आहे."

"काच गरम करायला फ्यूज? मराठवाड्यात?" त्यांनी तो उपटून पंख्याला लावला. इंजिन निवल्यावर पाणी भरलं, किल्ली फिरवली. पंखा भर्रकन फिरला. "सरक," दाजी म्हणाले आणि स्टिअरिंगवर बसले. मी काळे हात घेऊन मागं बसलो. साहेबासारखा.

उदगीरला पोचलो तेव्हा दीड वाजला होता. दारात नवरदेवाचे थोरले चुलते उभे. दाजींना त्यांनी आधी कधी पाहिलेलं नव्हतं. "बर्री, बर्री!" असं कानडीत 'या, या' करत त्यांनी मागचं दार उघडलं, मला बाहेर ओढलं आणि विचार करायच्या आत माझ्या डोक्याला फेटा गुंडाळला. मग दाजींच्या ग्रीसनं माखलेल्या शर्टाकडं पाहून म्हणाले, "ड्रायव्हर, गाडी लिंबाखाली लाव, आन् मागल्या अंगाला जेवून घे."

मी तोंड उघडेपर्यंत (फेटा नाकावर आला होता) दाजींनी गाडी नेलीसुद्धा.

मांडवात एकच आरडाओरडा, "बाप कुठंय? बाप कुठंय?" लिंबाखाली गाडी होती, दाजी नव्हते; ते खरंच जेवायला बसले असतील असं कुणाला वाटणार? पाऊण तासानं मुलीचा बाप सापडला. घराच्या मागं, ड्रायव्हर लोकांच्या पंगतीत, दुसऱ्यांदा वरण घेत!

"टिळ्याआधी जेवलात?" ताई किंचाळली.

"सकाळपासून उपाशी हाव. पाव्हण्यांनी जेव म्हणलं. त्यांचा शब्द कसा मोडू?"

चुलत्यांचा चेहरा उतरला. ते खाली बसून दाजींचे पाय धरायला लागले. दाजींनी त्यांना उठवलं आणि म्हणाले, "आवो, तुमचं वरण बघून खात्री पटली, पोर सुखात ऱ्हाईल." सगळा मांडव हसला. पावणेतीनला टिळा लागला, ग्रीसच्या बोटानं. नवरदेवाच्या कपाळावर फोटोत तो अजून काळा दिसतो.

दाजींशी समोरासमोर बोलायचं धाडस झालं नाही. मोबाईलवरचं ते वाचत नाहीत, कागदावरचं मात्र घडी घालून खिशात ठेवतात. म्हणून पत्र पाठवलं. ते असं:

"ती. दाजींना सा. नमस्कार.

दोन वर्षं तुम्ही मला परीक्षेला पोचवलं, एकदाही उशीर होऊ दिला नाही. मला तुम्हाला एकदाच पोचवायचं होतं. फेटा माझ्याकडं आला, तो तुमचा आहे, सोबत पाठवतो. माफी मागतो असं लिहिलं तर तुम्ही रागवाल, म्हणून लिहीत नाही, पण मागतो.

काचांचा फ्यूज नवा आणला. त्याच वेळी पंख्याच्या वायरीही मी शास्त्रशुद्ध पद्धतीनं पुन्हा जोडल्या. पंखा आता उत्तम फिरतो. गाडी बंद केली तरी फिरतो. किल्ली काढली तरी फिरतो. पत्र लिहायला बसलोय, तरी अंगणात फिरतोच आहे.

थांबवायचा कसा, ते उलट टपाली कळवावं.

तुमचा,
दत्ता (बी.ई., इलेक्ट्रिकल)"