सावलीकडचा तास

हुल्डा त्साउग आयुष्यात एकदाच जिंकली, आणि ते जिंकणंही पुढे तिच्याकडून काढून घेतलं गेलं. म्हणून तिच्याविषयी सांगायचं तर त्या रविवारपासूनच सांगावं लागतं.

१९७८चा मे महिना. उन्हाळ्यात देशातली घड्याळं तासभर पुढे करायची का, असं सरकारने लोकांना विचारलं होतं, आणि त्या दिवशी मतमोजणी होती. हुल्डा स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. तिचा धाकटा भाऊ ओटो शेगडीला टेकून बसला होता. रेडिओवरच्या माणसाने बराच वेळ घोळ घातला आणि शेवटी सांगितलं, की थोडक्या मतांनी का होईना, लोकांनी नाही म्हटलं आहे. हुल्डाने सुरी खाली ठेवली.

"ऐकलंस?" ती म्हणाली.

"ऐकलं. आता तो बटाटा सोल, नाहीतर रात्री उपाशी निजावं लागेल."

"ओटो, मी जिंकले रे!"

"तू एकटीच जिंकलीस होय? मग बाकीची लाखो माणसं काय गवत उपटत होती?"

पण त्यालाही बरं वाटलं होतं. त्या संध्याकाळी त्याने कपाटातली चेरीची दारू काढली, आणि एरवी नाताळाशिवाय थेंबाला न शिवणाऱ्या हुल्डाने अर्धा पेला घेतला.

आता एवढं काय होतं त्या एका तासात? शहरातली माणसं तेव्हाही हसायची, की गायींना घड्याळ कळतं का म्हणून. गायींचा प्रश्नच नव्हता. प्रश्न गवताचा होता. आमच्या दरीत ओढ्याच्या एका अंगाला ऊन पडतं आणि दुसऱ्या अंगाला सावली, आणि घरंही तशीच ओळखली जातात, उन्हाकडची आणि सावलीकडची. त्साउगांचं घर सावलीकडचं. घरामागचा उतार असा उभा की ट्रॅक्टर वर चढत नाही. गवत कापायचं ते लांब दांड्याच्या विळ्याने, गोळा करायचं ते दाताळ्याने. तिथलं दव दहा वाजले तरी हलत नाही. मग गवत पसरा, उलटा, पुन्हा उलटा. ते खरं वाळतं दुपारी चारला. पाचला धारा काढायला बसावंच लागतं, कारण सहाला दूध चीजघरात पोचवायचं असतं आणि साडेसहाला चीजघराची खिडकी बंद होते. दूध पोचवून येईपर्यंत उतारावर पुन्हा ओल धरते. म्हणजे गवत गाडीत भरून माळ्यावर टाकायला चार ते पाच एवढा एकच तास. हुल्डा खालून काट्याने गवत वर देणार, ओटो गाडीवर उभा राहून ते तुडवून बसवणार. घड्याळ तासभर पुढे केलं, की दव आपल्या वेळेने उठणार, चीजघर घड्याळाच्या वेळेने मिटणार, आणि मधला तो तास नाहीसा होणार. बाकीचा दिवस आहे तसाच राहणार, पण त्याचा उपयोग शून्य.

आठ गायी, दोन माणसं आणि तो उतार, एवढाच संसार. लग्न दोघांनीही केलं नाही. का, ते विचारायची आमच्याकडे पद्धत नाही. आईबाप गेल्यावर दोघं तशीच राहिली, आणि हुल्डाच्या मनात एकच होतं, की आपल्या हयातीत या गोठ्यातल्या आठाच्या सात व्हायच्या नाहीत. आमच्याकडे पुरेशा सह्या जमल्या, की सरकारला कायदा लोकांच्या मताला टाकावाच लागतो. म्हणून मतदानाच्या आदल्या वर्षी कायद्याविरुद्ध सह्या गोळा करायची वेळ आली, तेव्हा जिने कधी शेजाऱ्याकडे मीठ मागितलं नाही तिने दोन्ही अंगांच्या घरांचे उंबरठे झिजवले. बायकांना देशाच्या मतदानात घेऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. तोवर तिने तिला न कळणाऱ्या गोष्टींवर मुकाट मतं दिली होती. हे मात्र तिला आतून कळत होतं.

ती जिंकली आणि निर्धास्त झाली. लोकांनी नाही म्हटलं म्हणजे नाही, असं तिला शाळेत शिकवलं होतं.

दोन वर्षं गेली. शेजारच्या देशांनी एकामागून एक आपली घड्याळं पुढे केली, आणि आम्ही मध्येच मागे राहिलो. आगगाड्यांची वेळापत्रकं कोलमडली, सीमेपलीकडे कामाला जाणाऱ्यांचे हाल झाले. राजधानीत, बर्नला बसलेल्या साहेबलोकांनी लोकांच्या तोंडाला पानं पुसली आणि तोच कायदा पुन्हा संमत केला. वाईट याचं वाटतं, की त्यांचंही अगदीच चुकलं होतं असं म्हणता येत नाही. हुल्डा पुन्हा कागद घेऊन निघाली. पहिली गेली ती उन्हाकडच्या फ्रिट्झ एश्लिमानकडे, कारण मागच्या खेपेला पहिली सही त्याची होती.

"पुन्हा?" फ्रिट्झ म्हणाला. "हुल्डा, अगं आपण एकदा सांगितलं ना त्यांना नाही म्हणून."

"सांगितलं. ऐकलं कुणी? म्हणून परत सांगायचं."

"आणि परत नाही ऐकलं तर?"

"तर परत."

फ्रिट्झची बायको क्लारा हसली. "ये, बस. कॉफी घे, केक घे. सही तेवढी मागू नकोस बाई. आमचा थोरला सीमेवरच्या बाझेलला कामाला आहे. मागच्या उन्हाळ्यात पलीकडची गाडी धरताना रोज त्याची पंचाईत."

"मग तुमच्या गवताचं काय?"

फ्रिट्झ जरा ओशाळला. "आमचं गवत उन्हाकडे आहे गं," तो म्हणाला. "आणि आता यंत्र आहे, दोन पोरं आहेत. आमचं होतं तीनपर्यंत आटोपून."

तो खोटं बोलत नव्हता. दारोदार तिला असाच केक मिळाला. त्या खेपेला देशभरातच सह्या कमी पडल्या, आणि पुढच्या वर्षी मार्चअखेरीस घड्याळं पुढे करायचं ठरलं.

तरी एक फट उरली होती. चीजघर काही सरकारचं नव्हतं, ते आमच्या सगळ्यांचं होतं. दूध सहाऐवजी नव्या सातला घ्यायचं ठरवलं असतं, तर गवताला काही कळलंही नसतं. मार्चमध्ये खानावळीच्या मागच्या खोलीत त्यासाठी सभा भरली. चीजघराच्या सभेत मत घराचं असतं, माणसाचं नाही. एका घराचा एक हात, आणि त्साउगांच्या घराचा हात बापाने ओटोच्या नावावर लावून ठेवलेला. देशाचा कायदा पाडायला हुल्डाचं मत चाललं होतं, दुधाची वेळ ठरवायला चालत नव्हतं. ती मागच्या बाकावर जाऊन बसली. त्याआधी वाटेत तिने ओटोला पढवून ठेवलं होतं.

"बोलायचं काही नाही. विचारलं की नुसता हात वर."

"हात कसा वर करतात ते मला शिकवू नकोस, ताई."

सावलीकडच्या एकाने सातची सूचना मांडली. मग चीज करणारा लीश्टी उठला. मोठा सरळ माणूस. बोलताना हात पुढ्यात धरून उभा राहायचा.

"मीही तेव्हा मतदानात 'नाही'च म्हटलं होतं," तो म्हणाला. "पण आता सातला दूध घेतलं, तर भांडी धुऊन मला नऊ वाजतात. आणि चीज न्यायला येणारा लॉरीवाला काही माझ्यासाठी थांबत नाही, तो घड्याळाने येतो. म्हणजे पहाटे साडेतीनला कढईखाली जाळ हवाच. मी झोपायचं कधी? तुम्हीच सांगा, तसं करतो."

अध्यक्षांनी सातच्या बाजूचे हात वर करायला सांगितलं. सावलीकडचे तेवढे हात वर गेले, आणि तेही कोपरापर्यंतच. हुल्डा मान उंच करून पाहत होती. ओटोचा हात बिअरच्या पेल्याभोवती होता. तो फेसाकडे बघत बसला आणि हात तिथेच राहिला.

वर गेला असता तरी सूचना पडलीच असती, इतकं मोजायला खोलीतल्या कुणालाही येत होतं. पण घरी जाताना हुल्डा त्याच्यापुढे दहा पावलं चालत होती. आमच्याकडे राग बोलून दाखवत नाहीत, भांड्यांवर काढतात. त्साउगांकडची भांडी त्या वर्षी ईस्टरपर्यंत वाजत होती.

घड्याळं पुढे झाली. हुल्डाने स्वयंपाकघरातल्या घड्याळाला हात लावला नाही. "माझ्या भिंतीवर बर्नचा हुकूम चालणार नाही," ती म्हणाली. ओटोच्या खिशातलं घड्याळ नवं, भिंतीवरचं जुनं. पाहुणा आला की विचारायचा, किती वाजले, आणि मग दोघंही आपापली वेगळी वेळ सांगायची. देवळात अकराची घंटा व्हायची, बायकांनी शेतातून घरी जाऊन स्वयंपाकाला लागावं म्हणून, आणि तेव्हा सावलीकडचं गवत अजून पावलांना ओलं लागायचं. हुल्डा घंटेकडे पाठ करून काम करत राहायची, आणि मग जेवणाला उशीर झाला म्हणून स्वतःवरच चिडायची.

जून उजाडला. तीन दिवस कोरडं ऊन पडलं आणि हुल्डाने सगळा उतार एकदम कापला. चौथ्या दिवशी दुपारी गवत हाताला हलकं लागायला लागलं, अगदी हवं तसं. पश्चिमेकडे डोंगरामागे ढग जमत होते. अजून एक तास, बस्स. भिंतीवर चार वाजले होते, म्हणजे खिशात पाच.

"ताई!" ओटो खालून ओरडला. "धारा!"

"गाडी आण!"

"खिडकी बंद होईल!"

"होऊ दे! दूध एक दिवसाचं जाईल, गवत वर्षाचं आहे!"

तो हलला नाही. ती दाताळं चालवत राहिली. या गवतावर माझ्या आठही गायी हिवाळा काढतील, मग काय बंद करायचं ते करा, असं तिच्या मनात होतं. तेवढ्यात गोठ्यातून हंबरणं ऐकू आलं. आधी म्हातारी ब्लूम, मग तिच्यामागून सगळ्या. कासा भरल्या होत्या. भिंतीवरच्या चारलाच. दोन महिन्यांत गायींना नवं घड्याळ लागलं होतं, आणि त्या ते मागत होत्या.

हुल्डा उतारावर उभी राहिली. ज्यांच्यासाठी ती दारोदार फिरली होती, त्याच तिला खाली बोलवत होत्या, आणि त्यांना थांबा म्हणून कसं सांगायचं? तिने दाताळं टाकलं आणि खाली आली. दोघांनी धारा काढल्या, ओटोने कुत्रा जुंपलेल्या गाडीवर कॅन चढवले आणि दूध वेळेत पोचलं. तो परतीच्या वाटेवर असतानाच पाऊस सुरू झाला, आणि पुढचे पाच दिवस तो थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी खिडकीतून काळं पडत चाललेलं गवत बघत हुल्डाने अखेर विचारलं.

"हात का नाही वर केलास?"

ओटोने पाव कॉफीत बुडवला.

"माझी कंबर, ताई," तो म्हणाला. "गेली दोन वर्षं मी गाडीवर उभा राहतो तेव्हा डोळ्यांत पाणी येतं. तू खाली असतेस, तुला दिसत नाही. मला वाटलं, तो तास गेला तर गेला. तू आपणहून काही थांबली नसतीस."

"मला सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तू एकटीने भरलं असतंस. ओळखतो मी तुला."

ते खरं होतं.

"आणि तेव्हा?" तिने विचारलं. "मे महिन्यात, पहिल्या खेपेला? तेव्हा मतपत्रिकेवर काय लिहिलंस?"

"'नाही'च लिहिलं," ओटो म्हणाला. "तेव्हा कंबर बरी होती."

हुल्डा रडली, पण गोठ्यात जाऊन. ब्लूमच्या पाठीवर डोकं ठेवून रडली. ज्या तासासाठी ती दोन खेपा लढली, तो तासभर भाऊ तिच्या डोक्यावर उभा राहून कळा सोसत होता, आणि तिला ते कळलं नव्हतं. त्या तासाचा राग धरायचा तर आता धरायचा कुणावर, तेही तिला उमजत नव्हतं.

ऑगस्टमध्ये तो उतार फ्रिट्झ एश्लिमानच्या मेंढ्यांना दिला. हिवाळ्याला पुरेल एवढा चारा नव्हताच. सप्टेंबरात चार गायी विकल्या, ब्लूमसुद्धा. व्यापारी घ्यायला आला तेव्हा ओटोने दावी सोडली, आणि हुल्डाने त्यांच्या गळ्यातल्या घंटा तेवढ्या काढून घेतल्या.

मग सप्टेंबरचा शेवटचा रविवार आला आणि घड्याळं मागे झाली. गावभर माणसं खुर्च्यांवर चढून काटे फिरवत होती. हुल्डाला काहीच करावं लागलं नाही. उन्हाळाभर सगळ्यांनी चुकीचं ठरवलेलं तिच्या भिंतीवरचं घड्याळ बरोबर झालं होतं. पहाटे, त्या घड्याळाप्रमाणे तासभर आधीच, उरलेल्या चार गायी हंबरायला लागल्या. दोघंही उठून स्वयंपाकघरात आली. ओटोने आपलं खिशातलं घड्याळ भिंतीशी जुळवलं.

"घे," तो म्हणाला. "तुझा तास परत आला."

चीजघर उघडायला अजून तास होता. चार गायींच्या धारा काढायला वेळ तो कितीसा लागणार? उतारावर काही नव्हतं. हुल्डाने कॉफी ठेवली आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बाकावर बसली. काय करावं, ते तिला सुचत नव्हतं. गायी ओरडत होत्या आणि ती घड्याळाकडे बघत होती.