फळीमागून: पुलगाव ते समुद्रपूर

वामन उरकुडे गेल्याचं मला फोनवर कळलं. फोन त्याच्या धाकट्या भावाचा, गजाननचा होता. "सर, रविवारी तेरवी हाये. जेवणं झाल्यावर, संध्याकाळी शाळेच्या ग्राउंडवर छोटा कार्यक्रम ठेवला. तुमी पायजेच. तुमच्याशिवाय होतच नाई."

शेवटचं वाक्य मला आवडलं. त्याच दिवशी नाशिकहून तिकीट काढलं.

ज्यांनी नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी: वामन पिस्तुलाचे खेळ करायचा. जत्रा, गणपती, शाळांची स्नेहसंमेलनं. कमरेला चामड्याची खोळ, तिच्यात छऱ्याचं पिस्तूल. उजवा हात छातीसमोर आडवा धरायचा, पंजा पालथा, पंजावर जुना जाड रुपया. मग हात एकदम खाली, खोळीकडे यायचा. रुपया हवेत सुटायचा, आणि तो जमिनीला लागायच्या आत दहा पावलांवरचा फुगा फुटलेला असायचा. लोक त्याला चुटकी म्हणत. वर्ध्यापासून चंद्रपूरपर्यंत पोस्टरवर एवढंच नाव पुरायचं.

वर्ध्याच्या कॉलेजात आम्ही एनसीसीला एकत्र होतो. पडून, श्वास रोखून, सावकाश नेम धरायचा असेल तर मी त्याच्यापेक्षा सरस होतो. हे इथेच सांगून ठेवतो. दुसरं कोणी सांगणार नाही.

नाशिकहून जाणाऱ्या सगळ्या गाड्या पुलगावला थांबत नाहीत, तिकीट काढताना बघून घ्या. मी सकाळी उतरलो. स्टेशनाबाहेर तर्री-पोहे मिळतात. पोहे साधेच, वर लाल रस्सा आणि चणे. पाच रुपयांत पोट भरतं. तर्री आधी चाखून मग घाला. बाहेरचा माणूस पहिल्याच घासाला रडतो आणि टपरीवाल्याला ते पाहायची सवय आहे.

पुलगाव म्हटलं की लोकांना दारूगोळ्याचा डेपो आठवतो, कापसाची गिरणी आठवते. मला एक मैदान पाहायचं होतं. ते अजून आहे. एका बाजूला आता दुकानांचे गाळे झाले आहेत. मधे गोलपोस्टसारखे दोन बांबू उभे होते आणि एक म्हैस.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, आम्ही नुकतेच पदवीधर झालो होतो तेव्हा, इथे वामनचा पहिला मोठा खेळ झाला. मी त्याच्यासोबत होतो. माझं काम फळीमागे. बाभळीची जाड फळी, तिला एक भोक. भोकातून दोरा ओवून फुगा पुढच्या बाजूला बांधायचा. फुटला की दुसरा. दोरे अडकवायला माझ्या शर्टाला चार टाचण्या टोचलेल्या असत.

त्या दिवशी सगळे फुगे फुटले. शेवटचा राहिला. समोर खुर्च्यांवर गावातले मोठे लोक, मागे हजारभर माणसं. वामनचा हात खाली आला. छरा लाकडात शिरला. माझा गाल फळीला टेकलेला होता, त्यामुळे तो कुठे शिरला ते मला कळलं. फुग्याच्या बोटभर डावीकडे.

मी भोकातून टाचणी घातली. फुगा फुटला.

का फोडला, ते नीट सांगता येत नाही. आमची फजिती होऊ नये असं वाटलं असेल. 'आमची' असाच शब्द तेव्हा मनात होता. पुढच्या क्षणी लोकांनी वामनला खांद्यावर घेतलं. मिरवणूक मैदानाबाहेर गेली. मी रबराचे तुकडे गोळा केले, कारण फळी भाड्याची होती आणि मैदान साफ करून द्यायचं ठरलं होतं. त्या खेळानंतर त्याचं नाव झालं. त्याने मला काही विचारलं नाही, मी काही बोललो नाही. महिन्याभराने मी एम.ए.ला नागपूरला गेलो. मग प्राध्यापक झालो. त्याचा एकही खेळ त्यानंतर मी पाहिला नाही. बोलावणी येत. मी परीक्षेचं कारण सांगे.

मैदानाच्या कोपऱ्यावर चहाची टपरी आहे. चहावाला माझ्याच वयाचा. भिंतीवर वर्तमानपत्रातला वामनचा फोटो चिकटवलेला, त्याला हार.

"तुमी ओळखत होते का जी त्याले?"

"सोबत होतो कॉलेजात."

"काय हात होता बाप्पा! आमी इथंच खांद्यावर घेतलतं त्याले. हा खांदा." त्याने डावा खांदा दाखवला. "देवानं देल्ला हात होता. शिकून येत नाई असं."

"मीही होतो त्या दिवशी," मी म्हणालो.

"कुठं होते?"

"फळीमागे."

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग हसला, मान हलवली, आणि चहाचे पैसे घेतले नाहीत. इकडची माणसं अशीच, असं मी समजलो. गोड चहा होता. आलं भरपूर.

पुलगावहून वर्ध्याला पॅसेंजरने जा, बसपेक्षा बरं. दुतर्फा कापूस फुटलेला होता. मुक्काम सिंदी मेघेला, मावसबहिणीकडे, शोभाताईकडे. गावाला चिकटून आहे, रिक्षा सहज मिळते. वर्ध्यात आलात तर गोरसपाक घ्या, गाईच्या तुपातलं खुसखुशीत बिस्किट. पाव किलो म्हणून घेतला जातो आणि घरी पोचेपर्यंत संपतो, तेव्हा अर्धा घ्या.

जेवण झाल्यावर मी टेबलाशी बसून उद्याचं भाषण लिहीत होतो. शोभाताई शेंगा सोलत होती.

"एवढं कायले लिहून राह्यला रे? चार शब्द बोलजो, आन् बस."

"खरं ते सांगायचंय."

"खरं म्हंजे?"

मी तिला टाचणीची गोष्ट सांगितली. आजवर कोणाला सांगितली नव्हती. बायकोलाही नाही. शोभाताईने वामनचा खेळ कधी पाहिला नव्हता. तिने एक शेंग फोडली, दाणे ताटात टाकले.

"त्याच्या तेरवीले सांगशील हे? त्याच्या बायकोसमोर?"

"लोकांनी त्याला देव केलाय."

"मंग? तुले काऊन त्रास? तुले व्हायचं होतं का देव?"

मी पुढचं पान घेतलं. भाषण पाच पानांचं झालं. पुलगावचा प्रसंग चौथ्या पानावर होता. तोवर लोक ऐकायला लागलेले असतात. पानांना डाव्या कोपऱ्यात टाचणी लावली आणि घडी करून खिशात ठेवली.

रविवारी सकाळी वर्ध्याहून हिंगणघाट, तिथे बस बदलून समुद्रपूर. एसटीला गर्दी असते, खिडकी हवी असेल तर स्टँडवरच चढा, रस्त्यात हात दाखवू नका. हिंगणघाटच्या स्टँडवर आलूबोंडा चांगला मिळतो. पुढे रस्ता कापसाच्या गाड्यांमागून जातो. गाड्यांतून पडलेला कापूस दोन्ही कडांना झुडपांना अडकलेला असतो, मैलभर. पाहण्यासारखं आहे, फोटोत येत नाही.

गजाननचं हार्डवेअरचं दुकान समुद्रपूरच्या बसस्टँडजवळ आहे. शटर अर्धं खाली होतं. तो मला मागच्या घरी घेऊन गेला. वामनची बायको, इंदूवहिनी, ओसरीत बायकांमध्ये बसली होती. लग्नात पाहिली होती, त्यानंतर आज.

"या भाऊजी. लय उशीर केला."

बस वेळेवर होती. मग समजलं, ती बसबद्दल बोलत नव्हती.

मी ठरवून आलो होतो ते म्हणालो. "त्याचा हात म्हणजे देणगीच होती, वहिनी." हे मी नेहमी म्हणतो. देणगी म्हटलं की माझी सुटका होते. ज्याला मिळाली त्याला मिळाली.

ती उठली. "देणगी कुठं ठेवली होती ते दाखवतो तुमाले," ती म्हणाली. वर्ध्याकडच्या बायका अशा 'दाखवतो' म्हणतात. मागच्या खोलीत नेलं. खोलीत धान्याच्या कोठ्या, एका भिंतीला गोणपाट, गोणपाटाला खडूचा गोल. खाली सिमेंटची जमीन. खोलीच्या मध्यावर जमिनीला बशीएवढा खोलगट खड्डा पडला होता. चिमण्यांनी टोचून केल्यासारखा.

"रुपयानं," ती म्हणाली. "इथं उभे राहायचे. सकाळी चाहाच्या आंधी दोनशे खेपा. पिस्तूल भरलेलं नसे. नुसता हात. रुपया पडला की टण. पुन्हा उचलायचा. दोनदा सिमेंट भरलं आमी. वर्षभरात पुन्हा तसंच." ती कोठीला टेकली. "ताप असला तरी. पोरीच्या बारशाच्या दिवशी बी. आता सकाळी मले जाग येत नाई, भाऊजी. टण होत नाई ना."

मी वाकून खड्ड्याला हात लावला. कडा खरखरीत होत्या. तळ गुळगुळीत.

माझं पहिलं पान देणगीवर होतं.

तरीही चौथं पान होतं. जेवताना, वरण-भात, वांग्याची भाजी आणि बुंदी, मी ते मनातल्या मनात म्हणत होतो. वांग्याची भाजी तेरवीच्या पंगतीत जशी होते तशी घरी कधीच होत नाही. दोनदा घेतली.

पाच वाजता शाळेच्या मैदानावर गेलो. तीनशे तरी माणसं असतील. ट्रॅक्टरची ट्रॉली हेच व्यासपीठ, मला तिच्यावर बसवलं. आणि ट्रॉलीसमोर दहा पावलांवर एक फळी उभी होती. फळीला लाल फुगा.

गजाननने माइक घेतला. "आता चुटकी नाई. आपल्यापैकी कोनाचा हात तसा चालत नाई. पन फुगा तर फुटला पायजे. म्हनून खास नाशिकहून..." त्याने माझ्याकडे हात केला. "टाचणीवाले सर!"

सगळं मैदान हसलं. टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतला एक म्हातारा बाजूच्याला म्हणाला, "हाच काय तो? मले वाटलं बुटका असंल."

मला काही समजेना. गजाननने माइकवर हात ठेवून खालच्या आवाजात सांगितलं. "छरा लाकडात गेला ते भाऊले तवाच दिसलतं. दर खेळात सांगे ना, सर. सुरवातीलेच."

मग ट्रॉलीच्या कडेला बसलेल्या एकाने वामनची नक्कल करून दाखवली. कमरेवर हात, मान तिरकी. आवाज हुबेहूब असावा, कारण बायकांच्या बाजूला कोणीतरी पदर तोंडाला लावला. "मंडळी, फुगा नाई फुटला तर घाबरू नका. पुलगावले बी नाई फुटलता. माह्या दोस्तानं मांगून टाचणी मारली! तो आता मोठा प्रोफेसर हाये. मी अजून सराव करून राह्यलो!"

पुन्हा हशा. हा हशा सवयीचा होता. लोकांना कुठे हसायचं ते पाठ होतं. पंधरा वर्षं, गावोगाव, पहिल्या पाच मिनिटांत. मी एक खेळ पाहिला असता तर मला कळलं असतं. पुलगावच्या चहावाल्यालाही ठाऊक होतं.

माझ्याकडे त्याचं एकच काहीतरी होतं, जे त्याच्याकडे नव्हतं. तेही त्यानेच वाटून टाकलं होतं, आणि त्यावर टाळ्या घेतल्या होत्या.

मी ट्रॉलीवरून उतरून फळीमागे गेलो. भोक तसंच होतं. "टाचणी कोनाजवळ हाये का?" गजानन माइकवर विचारत होता. लोक खिसे चाचपायला लागले. मी भाषण काढलं. कोपऱ्यातली टाचणी ओढली. वारा होता. पहिलं पान उडालं, दुसरं माझ्या पायाशी पडलं. चौथ्याकडे मी पाहिलं नाही.

फळीला गाल लावला. पलीकडे मैदान शांत झालं होतं. कोणीतरी रुपया ट्रॉलीच्या पत्र्यावर टाकला. टण. मी टाचणी घातली.

आवाजाला उशीर झाला होता. रुपयाच्या मागून. लोकांनी त्याची पर्वा केली नाही. टाळ्या बराच वेळ चालल्या. एवढ्या टाळ्या मला वर्गात, सभेत, माझ्या एकुलत्या पुस्तकाच्या प्रकाशनात कधी मिळाल्या नाहीत. मला त्या आवडल्या. हेही सांगून टाकतो. फळीमागे उभा राहून, कोणाला न दिसता, मी त्या शेवटपर्यंत ऐकल्या. मग सवयीने वाकून रबराचे तुकडे गोळा केले.

निघताना इंदूवहिनी म्हणाली, "तुमी एकदा तरी येतील, असं म्हनत होते ते. पुढच्या रांगेत खुर्ची ठेवायले लावत."

"दर वेळी?"

"दर वेळी नाई. वर्ध्याजवळ खेळ असला की."

परतीचा प्रवास सांगण्यासारखा नाही. समुद्रपूरहून शेवटची थेट बस लवकर सुटते, चौकशी करून ठेवा. गोरसपाक अर्धा किलो घेतला होता. भुसावळला संपला.

हेवा कमी झाला का, असं शोभाताईने फोनवर विचारलं. नाही झाला. उलट आता तो नीट जागेवर बसला आहे. पूर्वी मी त्याच्या नावाचा करत होतो, खांद्यावर घेतलेल्या त्या संध्याकाळचा. आता त्या बशीएवढ्या खड्ड्याचा करतो. आणि त्या माणसाचा, ज्याला आपला चुकलेला नेम तीनशे लोकांना हसत सांगता येत होता. मी तो पंधरा वर्षं खिशात घालून फिरलो, आणि तो माझा नव्हताच.

काल सकाळी चहाच्या आधी मी स्वयंपाकघरात उभा राहिलो. हात छातीसमोर आडवा, पंजा पालथा, त्यावर रुपया. हलकाच मिळाला, आताचे तसेच असतात. हात खाली आणला.

टण.

माझा हात कमरेपर्यंतही पोचला नव्हता.

"काय पडलं?" आतून बायकोने विचारलं.

"काही नाही."

फरशी पाहिली. साधा चराही नव्हता. रुपया ओट्याखाली गेला होता. गुडघे टेकून तो काढला आणि पुन्हा पंजावर ठेवला.