वाघेरीची धार आणि राखणदाराचा जाब

वाघेरीच्या डोंगरावर जाणारी मळलेली पायवाट काजूच्या बागांतून जाते. आम्ही ती कधी घेतली नाही. आमची वाट खडकाळ धारेची. दोन्ही अंगांना उतार, मध्ये बैलाच्या पाठीएवढा कातळ. गोव्यातल्या साखळीच्या बाजारात घड्याळे दुरुस्त करणारा माझा मित्र आणि शाळामास्तर असलेला मी, दरवर्षी मार्गशीर्षात, गवत पिवळे पडले की या धारेने माथा गाठत असू.

राजभाषेचा वाद पेटला त्या वर्षी आमचे बोलणे बंद झाले. तो कोंकणीच्या बाजूचा, मी मराठीच्या. त्याच्या दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर, तो म्हणाला होता, "मास्तर घरांत कोंकणी उलयता आनी रस्त्यार मराठीचो बावटो धरता." मी विचारले होते, "आणि तू देवळात भजन कोणत्या भाषेत म्हणतोस?" त्यानंतर मी त्या बाजूने जाणे सोडले. माझे घड्याळ बंद पडले, ते बंदच राहिले.

मार्गशीर्षातला ठरलेला रविवार आला. डोंगराखालच्या केरी गावाला जाणाऱ्या पहिल्या बसमध्ये तो पुढे बसलेला दिसला. मी मागे बसलो. नेम मोडल्याचा ठपका दोघांनाही नको होता.

धारेच्या पायथ्याशी राखणदाराचा, म्हणजे डोंगर राखणाऱ्या देवाचा, दगड आहे. तिथे नारळ ठेवून गाऱ्हाणे घातल्याशिवाय कोणी वर जात नाही. गाऱ्हाणे एकाने घालायचे आणि प्रत्येक वाक्याला दुसऱ्याने "व्हय म्हाराजा" म्हणायचे. हा जाब मिळाल्याशिवाय पुढचे वाक्य उच्चारत नाहीत. घालणारा मी, जाब देणारा तो, ही आमची जुनी वाटणी.

मी हात जोडले. "बा देवा म्हाराजा, तुझीं लेकरां तुझ्या वाटेर आयल्यांत."

जाब आला नाही. तो धारेकडे पाहत उभा होता. त्याने तोंड उघडले नाही तर दोघांना पुढच्या बसने परतावे लागणार होते, आणि पुढच्या वर्षी कोणी आले नसते. मी तेच वाक्य पुन्हा म्हटले.

"देव बहिरो न्हय," तो धारेकडे पाहतच म्हणाला. "एकदां सांगलें तें ताणें आयकलें."

"आयकलें. जाब कोण दितलो?"

तो माझ्याकडे वळला. "हें गाराणें खंयच्या भाशेंत तें सांग आदीं. मराठी काय कोंकणी?"

ते मी आजोबांकडून जसे उचलले तसे म्हणत आलो होतो. भाषा कोणती, हा विचार कधी केला नव्हता.

"राखणदाराक विचार," मी म्हटले.

"ताका विचारपाक आनीक एक गाराणें घालचें पडटलें."

त्याचा चेहरा गंभीर होता. मीही हसलो नाही. तो दगडाकडे वळला आणि म्हणाला, "व्हय म्हाराजा."

मी पुढची वाक्ये म्हणत गेलो. पाय निसटल्यास हात दे. व्हय म्हाराजा. धुके उतरल्यास वाट दाखव. व्हय म्हाराजा. मग गाऱ्हाणे संपल्यासारखे करून मी फोडायला नारळाला हात घातला.

"मदलें एक सोडलें तुवें," तो म्हणाला.

सोडले होते खरे. ते म्हटले: बरोबर चालणाऱ्यांत काही वाकडे असेल तर ते इथेच ठेवून घे. त्याचे "व्हय म्हाराजा" नेहमीपेक्षा मोठे नव्हते. मात्र लगेच आले.

धारेच्या मध्यावर एक उभा कातळ आहे. खांदा दिल्याशिवाय चढता येत नाही. त्याने खांदा दिला, मी वरून हात दिला. माथ्यावर उंडे पाव आणि सुकी भाजी खाल्ली. वाऱ्यामुळे फारसे बोलता आले नाही.

उतरताना त्याने पुन्हा राजभाषेचा विषय काढला. मी सोडला नाही. त्यानेही सोडला नाही. केरीच्या थांब्यावर वाद चालू होता, बसमध्ये शेजारी बसून चालू होता, आणि त्याच्या दुकानाच्या दारात मी मनगटावरचे बंद घड्याळ काढून त्याच्या हातावर ठेवले, तेव्हाही तो माझा मुद्दा खोडतच होता.