खबर आली नाही तर

माझं काम फार तर चार ओळींचं. एआय एजंट, म्हणजे विचारलं की स्वतःच हवं ते टूल निवडून काम करणारा प्रोग्राम. कोणतं टूल काय करतं, हे मी त्याला लिहून देते. ब्रह्मपुरीच्या खोलीत, पंख्याखाली. लोकांना वाटतं, बसल्या जागचं काम. छातीतली धडधड त्यांना ऐकू येत नाही.

आमच्याकडच्या आशा ताईंसाठी, म्हणजे गावोगावच्या आरोग्य सेविकांसाठी, एक एजंट केला होता. त्यातल्या एका टूलचं वर्णन मी लिहिलं, ‘दवाखान्याच्या वाटेवरच्या रपट्यावर पाणी आल्याची खबर आहे का, ते सांगतं.’ मला ते वाक्य आवडलंही होतं.

रपटा म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा पूल. ही खबर द्यायची त्याच्या पलीकडच्या गावच्या कोतवालानं. त्याच्या गावात रेंज नाही. नाला ओलांडून अलीकडे आला तरच फोन लागतो. पाणी चढलं, की त्याला येताच येत नाही. म्हणून संध्याकाळी खबर आली नाही, की आम्ही समजतो पाणी चढलं. शेंबड्या पोरालाही माहीत असलेलं लिहायचं कशाला?

श्रावणातल्या एका सकाळी एजंटला आलेल्या प्रश्नांच्या नोंदी वाचत होते. एका आशा ताईनं विचारलं होतं, बाईचे दिवस भरलेत, जीप रपट्यावरून नेऊ का? एजंटचं उत्तर होतं, ‘पाण्याची खबर नाही. रस्ता चालू आहे. निघा.’

गाव माझ्या बहिणीच्या सासरचं होतं. दिवस भरलेली बाईही तीच.

बहिणीचा फोन बंद. ताईचा लागेना. एजंटला मनसोक्त शिव्या घातल्या. पण त्यानं मी लिहिलं तेवढंच केलं होतं.

दुपारी ताईचाच फोन आला. “बाई, पोरगी झाली. दोघीबी मस्त हायेत.”

“आणि रपटा?”

“कोतवालाचा फोन नाई आला, मंग रपट्याकडून कोन जाते? मोठ्या पुलाहून फेरा मारून आनलं तिले.”

“मग एजंटला विचारलं काऊन?”

“विचारा मनून वरून सांगतलं ना!”

मला रडू आणि हसू एकदमच आलं. तेवढ्यात ती म्हणाली, “पन बाजूच्या गावची आशा नवीन हाय. लगन होऊन दुरून आली, तिले कोतवालाचं काय माहीत? आज सकाळी एका बाईले घेऊन रपट्याकडंच जाऊन राह्यली होती. रस्त्यात फोन लागला मनून थांबवलं. रोज कोन थांबवन?”

भाची कोणावर गेली, हे विचारायचंच राहिलं. फोन कानाशी धरूनच मी टूलच्या वर्णनात टाइप केलं, ‘खबर आली नाही, तर रस्ता बंद समजा.’