डालग्याखाली कोण

पाड्यावरची ती मावशी आमच्या संस्थेचं पत्रक घेते, नीट घडी घालते आणि कोंबड्यांकडे बघतच बोलते.

परवा तिच्या एका कोंबडीची पाठ टोचून रक्ताळली होती. तिनं जखमेवर हळद दाबली आणि टोचणाऱ्या थोराड कोंबडीला डालग्याखाली कोंडलं.

"मावशी, मार खाल्लेलीला कोंड ना, वाचेल तरी," मी म्हणालो.

"येडा का रे तू? ती बाहेर आली का परत टोचतील. हिलाच कोंडायची दोन दिस, मंग तोरा उतरतो."

गावच्या नळावर गावकऱ्यांनी मावशीला शिव्या देऊन हुसकावलं, तेव्हा आम्हीच हिला सांगितलं होतं, वातावरण निवळेपर्यंत नळावर जाऊ नकोस. हुसकावणाऱ्यांना आम्ही काहीच बोललो नाही.

मावशीनं हळदीचा हात धुतला. पाणी अजून ओढ्याचंच होतं.